निर्यात परवान्यांवर कंपनीचे नाव व पत्ता बदलून घेताना

कंपनीचे नाव किंवा पत्ता बदलल्यानंतर निर्यातीच्या कागदपत्रांवर तो बदल कसा उतरवावा, याची माहिती विदर्भातील लहान निर्यातदाराला एका ठिकाणी सहसा मिळत नाही. सीए कंपनी कायद्यापुरते सांगतो, सीएचए, म्हणजे कस्टमचे काम पाहणारा एजंट, कस्टमपुरते सांगतो आणि मधले दुवे निर्यातदाराने स्वतःच जुळवायचे असतात. वरूड-मोर्शीचा संत्रा, अकोल्याची तूरडाळ, वायगावची हळद, भिवापूरची मिरची किंवा गोंदिया-भंडाऱ्याचा तांदूळ बाहेर पाठवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या, दालमिल-राइसमिलचे मालक आणि व्यापारी यांना समोर ठेवून पुढील माहिती दिली आहे.

आपण ज्याला सरसकट ‘निर्यात परवाना’ म्हणतो तो प्रत्यक्षात एक कागद नसतो. विदेश व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीएफटीचा, आयात-निर्यात संकेतांक अर्थात आयईसी हा त्यांतला मुख्य. त्याच्या आधारावर अपेडा, म्हणजे कृषी व प्रक्रियायुक्त अन्न उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, किंवा मसाले मंडळ यांची नोंदणी मिळते. शिवाय अन्न परवाना, पॅकहाउसची मान्यता, जीएसटीचे हमीपत्र म्हणजे एलयूटी, आणि कस्टमच्या संगणकावर बंदरनिहाय नोंदलेला बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या शाखेचा संकेतांक, हे सर्व असते. यांतील बहुतेक यंत्रणा अर्ज तपासताना तुमचे नाव दुसऱ्या एखाद्या यंत्रणेकडील नावाशी ताडून पाहतात. आयईसी पॅनशी ताडला जातो, अपेडाची नोंदणी आयईसीशी ताडली जाते, परताव्याचे बँक खाते कस्टमकडील नोंदीशी ताडले जाते. त्यामुळे बदल कुठूनही सुरू केला तरी चालेल असे नाही. कंपनी निबंधक, त्यानंतर पॅन, त्यानंतर बँक व जीएसटी, त्यानंतर आयईसी आणि शेवटी बाकी सर्व, हा क्रम मोडला की अर्ज नाकारला जातो, आणि नाकारण्याचे कारण म्हणून पडद्यावर एवढेच दिसते की नाव जुळत नाही.

नाव बदलले आहे की निर्यातदारच बदलला आहे

अर्ज करण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारून घ्यावा, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने अगदी भिन्न आहेत. कंपनी तीच राहून तिचे फक्त नाव बदलले, तर तिचा पॅन क्रमांक बदलत नाही, कंपनी ओळख क्रमांक म्हणजे सीआयएन बदलत नाही, आणि जीएसटी लागू झाल्यापासून आयईसी क्रमांक पॅनवरच आधारलेला असल्यामुळे तोही तोच राहतो. अशा वेळी आपल्याला नवीन परवाना नको असतो, जुन्या परवान्यावर दुरुस्ती हवी असते. पुष्कळ लोक घाईने नवीन आयईसीसाठी अर्ज भरायला बसतात आणि त्या पॅनवर आधीच आयईसी असल्याचा संदेश पाहून गोंधळतात.

याउलट एखाद्याने आपल्या एकल मालकीच्या फर्मचे रूपांतर प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत केले, किंवा भागीदारीतून कंपनी काढली, तर पाटीवरचे नाव जवळपास तेच असले तरी निर्यातदार नवा झालेला असतो. ओळखण्याची सोपी खूण पॅनमध्येच आहे. पॅनचे चौथे अक्षर व्यक्तीसाठी पी, अविभक्त हिंदू कुटुंबासाठी एच, भागीदारी फर्मसाठी एफ आणि कंपनीसाठी सी असते. हे अक्षर बदलणार असेल, तर पॅन नवा, जीएसटी क्रमांक नवा, आयईसी नवा आणि अपेडाची नोंदणीही नवी घ्यावी लागते. जुना आयईसी नव्या कंपनीच्या नावावर वर्ग होत नाही. जुन्या फर्मच्या नावाने गेलेल्या मालाचे पैसे, परतावे आणि उरलेल्या जबाबदाऱ्या जुन्या नावानेच पूर्ण कराव्या लागतात, म्हणून तिचे बँक खाते आणि जीएसटी क्रमांक घाईने बंद करू नयेत. व्यवसाय हस्तांतरणाचा लेखी करार करून कोणती येणी-देणी कोणाकडे गेली हे त्यात नमूद करावे. जीएसटीची शिल्लक जमा नव्या क्रमांकावर नेण्यासाठी आयटीसी-०२ हा अर्ज भरावा लागतो, आणि हा करार त्या अर्जाचाही आधार ठरतो.

आपल्याकडे वारंवार घडणारी गोष्ट म्हणजे वडिलांच्या नावावरची फर्म. वडील गेल्यानंतर मुलगा तीच पाटी, तेच गोदाम आणि तीच गिऱ्हाइके घेऊन व्यवसाय सुरू ठेवतो आणि आयईसीवर केवळ नाव बदलून मिळेल असे गृहीत धरतो. फर्म एकल मालकीची असेल तर तिचा आयईसी वडिलांच्या पॅनवर असतो, त्यामुळे मुलाला स्वतःच्या पॅनवर नवा आयईसी घ्यावाच लागतो. फर्मचे व्यापारी नाव मात्र तेच ठेवता येते. अन्न परवान्याच्या नियमांत अशा प्रसंगी थोडी सवलत आहे: परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ९० दिवसांपर्यंत परवाना वारसांच्या हितासाठी चालू राहतो, आणि त्या मुदतीत वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा असतो. तेवढ्या काळात आयईसीचेही काम उरकून घ्यावे.

ठराव, सभा आणि कंपनी निबंधक

नाव बदलण्यासाठी कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३ नुसार विशेष ठराव लागतो, म्हणजे ठरावाच्या बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट असावी लागतात. आधी संचालक मंडळाने निर्णय घेऊन नवे नाव निबंधकाकडे राखून ठेवायचे. विद्यमान कंपनीसाठी मंजूर झालेले नवे नाव ६० दिवस राखीव राहते, आणि त्या अवधीत सभा घेऊन पुढचे अर्ज करावे लागतात. विशेष ठराव झाल्यावर ३० दिवसांत ठरावाच्या नोंदीसाठी एमजीटी-१४ आणि नावबदलासाठी आयएनसी-२४ हे अर्ज सादर करायचे. निबंधकाने नवीन नावाचे निगमन प्रमाणपत्र दिल्याशिवाय नावबदल पूर्ण होत नाही. सभेत ठराव मंजूर झाला त्या दिवसापासून नवे लेटरहेड वापरू लागणे, हे उत्साहाच्या भरात घडते, पण कायद्याने प्रमाणपत्रावरची तारीख हीच बदलाची तारीख असते आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तीच लिहावी लागते.

शेतकरी उत्पादक कंपनीसाठी यात एक अडचण जास्तीची आहे. तिच्या सर्वसाधारण सभेची लेखी सूचना किमान १४ दिवस आधी द्यावी लागते आणि नियमावलीत अधिक संख्या ठरवलेली नसेल, तर गणपूर्तीसाठी एकूण सभासदांपैकी एक चतुर्थांश हजर असावे लागतात. चारशे सभासद असतील तर शंभर शेतकरी एका जागी जमवायचे. मृगाच्या तोंडावर पेरणीची लगबग असताना, किंवा कापूस वेचणीच्या आणि तूर सवंगणीच्या दिवसांत हे जमत नाही, हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको. एप्रिल-मे हाच त्यातल्या त्यात मोकळा काळ, आणि तो पुढे दिलेल्या आणखी एका कारणासाठीही सोयीचा आहे. नव्या नावाच्या शेवटी ‘प्रोड्युसर कंपनी लिमिटेड’ हे शब्द असलेच पाहिजेत, हेही नाव राखून ठेवतानाच लक्षात असू द्यावे.

केवळ नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता बदलत असेल, तर तो कुठून कुठे जातो यावर पुढचे अवलंबून आहे. त्याच गावाच्या किंवा शहराच्या हद्दीत कार्यालय हलले तर संचालक मंडळाचा ठराव पुरतो. गावातून तालुक्याच्या ठिकाणी हलले तर स्थानिक हद्द ओलांडली जाते आणि विशेष ठराव घ्यावा लागतो. दोन्ही प्रसंगी आयएनसी-२२ हा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो, आणि त्यासोबत जोडलेले वीजबिल किंवा तत्सम बिल दोन महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. नोंदणीकृत कार्यालय, जीएसटीमधील व्यवसायाचे मुख्य ठिकाण आणि गोदाम किंवा पॅकहाउस हे तीन पत्ते वेगवेगळे असू शकतात. त्यांपैकी नेमका कोणता बदलला हे कागदावर लिहून काढल्याशिवाय कोणताही अर्ज भरू नये.

पॅन, बँक आणि जीएसटी

नवे निगमन प्रमाणपत्र हाती आले की पॅनमधील दुरुस्तीचा अर्ज करावा. पॅन क्रमांक तोच राहतो, नोंदीतले नाव बदलते. पॅनवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ किंवा ‘लिमिटेड’ हे शब्द पूर्ण लिहिले जातात, प्रा. लि. असे संक्षेप नसतात, म्हणून पुढे बँकेत आणि इतरत्रही अक्षरशः तसेच नाव लिहून घ्यावे. खाते उघडताना शाखेतल्या कर्मचाऱ्याने रकान्यात बसेना म्हणून शेवटचा शब्द गाळलेला असतो, आणि वर्षानुवर्षे ते कुणाच्या लक्षात येत नाही. टॅनची, म्हणजे करकपातीच्या खाते क्रमांकाची, दुरुस्तीही याच वेळी उरकावी.

बँकेत नवे प्रमाणपत्र, ठरावाची प्रत आणि दुरुस्त पॅन देऊन खात्याचे नाव बदलून घ्यावे, मात्र खाते क्रमांक आणि शाखा शक्यतो त्याच ठेवाव्यात. नाव बदलायचेच आहे तर बँकही बदलून टाकू, असा विचार करणारे भेटतात. माझ्या मते तो मोह टाळावा. शाखा बदलली की एडी कोड बदलतो, एडी कोड बदलला की ज्या-ज्या बंदरावरून माल जातो तिथे तो नव्याने नोंदवावा लागतो, आणि संत्रा बांगलादेश सीमेवरील पेट्रापोलमार्गे, डाळ न्हावा शेव्यावरून आणि एखादा कंटेनर नागपूरच्या आयसीडीतून, म्हणजे अंतर्देशीय कंटेनर डेपोतून, पाठवणाऱ्याला ते काम तीन ठिकाणी करावे लागते.

जीएसटीमध्ये कायदेशीर नाव आणि व्यवसायाचे मुख्य ठिकाण या दोन्ही मूळ नोंदी मानल्या जातात. बदल झाल्यापासून १५ दिवसांत आरईजी-१४ अर्ज करायचा असतो आणि अधिकाऱ्याच्या मंजुरीनंतरच तो लागू होतो. एलयूटी दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यावे लागते, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या सुमारास बदल होत असेल तर जीएसटीतले नाव आधी सुधारून मगच नव्या वर्षाचे हमीपत्र भरावे.

गावचा पत्ता, जो पत्त्याच्या रकान्यात बसत नाही

पत्त्याच्या पुराव्यासाठी डीजीएफटी खरेदीखत, भाडेकरार, वीजबिल, लँडलाइन किंवा पोस्टपेड मोबाइलचे बिल असे कागद मान्य करते, आणि कागद दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्या मालकाचे नाहरकत पत्र जोडावे लागते. शहरात हे सोपे आहे. गावात महावितरणचे बिल आजोबांच्या नावाने येते, आजोबा हयात नसतात, फेरफारात चार वारसांची नावे लागलेली असतात आणि शेडमध्ये कंपनी चालवणारा त्यांपैकी एकाचा मुलगा असतो. अशा जागेसाठी एकाच वारसाचे नाहरकत पत्र देऊन पुढे निघाल्यास पुढे-मागे आक्षेप येतोच. सातबाऱ्यावर नाव असलेल्या सर्व वारसांच्या सह्यांचा, मुद्रांकित आणि शक्य तर नोंदणीकृत असा भाडेकरार एकदाच करून ठेवावा. त्यासोबत चालू सातबारा, ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना ८ चा उतारा आणि घरटॅक्सची पावती ठेवावी. कंपनी निबंधकापासून अपेडापर्यंत हाच संच उपयोगी पडतो.

विदर्भातील सातबाऱ्यावर आणि खरेदीखतावर पत्ता मौजा, खसरा किंवा गट क्रमांक, पटवारी हलका क्रमांक, तालुका, जिल्हा असा असतो. टपालाचा पत्ता मात्र मुक्काम आणि पोस्ट असा, आणि पुष्कळदा पोस्ट शेजारच्या गावाचे. एका अर्जात मौजाचे नाव आणि दुसऱ्यात पोस्टाच्या गावाचे नाव लिहिले गेले, तर तपासणाऱ्याला ती दोन ठिकाणे वाटतात. म्हणून पहिल्या अर्जापूर्वीच इंग्रजीत एक पत्ता निश्चित करावा: गट क्रमांक, मौजा, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन, याच क्रमाने आणि याच स्पेलिंगने. गावांच्या व तालुक्यांच्या नावांची जुनी इंग्रजी स्पेलिंगे अजूनही काही कागदांवर रेंगाळत असतात. त्यांतले कोणते वापरायचे हे एकदा ठरवून सर्वत्र तेच वापरावे, आणि मजकूर दरवेळी टाइप न करता एका फाइलमधून उचलून चिकटवावा.

जागा न हलताही पत्ता बदलतो, हे आपल्याकडे तीनदा मोठ्या प्रमाणावर घडले आहे. चंद्रपूरमधून गडचिरोली १९८२ मध्ये, अकोल्यातून वाशीम १९९८ मध्ये आणि भंडाऱ्यातून गोंदिया १९९९ मध्ये वेगळे झाले. त्याआधीची खरेदीखते पुरावा म्हणून जोडल्यास त्यांवर जुना जिल्हा दिसतो आणि अर्जात नवा. राइसमिलची जागा १९९० साली घेतलेली असेल तर खरेदीखतावर जिल्हा भंडारा आणि वीजबिलावर जिल्हा गोंदिया असणारच. अशा वेळी केवळ खरेदीखत न देता त्याच गट क्रमांकाचा आजचा सातबारा सोबत द्यावा, म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

आयईसीमधील दुरुस्ती

आयईसीची दुरुस्ती डीजीएफटीच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते आणि अर्ज डिजिटल सिग्नेचरने किंवा आधार ई-साइनने दाखल करता येतो. नाव पॅनच्या माहितीशी ताडले जाते, म्हणून आयकर विभागाकडील नोंद प्रत्यक्षात बदललेली दिसेपर्यंत इथे हात लावू नये. दुरुस्तीचे शुल्क २०० रुपये आहे. मात्र प्रत्येक आयईसीधारकाने दरवर्षी एप्रिल ते जून या काळात आपली माहिती अद्ययावत करणे, किंवा काही बदल नसल्यास तसे ऑनलाइन नोंदवणे, २०२१ पासून बंधनकारक आहे, आणि या तीन महिन्यांत केलेल्या दुरुस्तीला शुल्क लागत नाही. हे न केल्यास आयईसी निष्क्रिय होतो. तो पुन्हा सुरू करता येतो, पण मधल्या काळात माल अडकतो.

दोनशे रुपये वाचतात म्हणून नव्हे, तर हंगामाच्या हिशेबाने एप्रिल ते जून हा काळ नावबदलाला योग्य आहे. आंबिया बहराचा संत्रा दिवाळीच्या आसपास निघतो, मृग बहराचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तूर डिसेंबरनंतर आणि धान नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येते. हळदवाल्यांची मात्र या काळात धावपळ असते, त्यांनी पावसाळ्याचे महिने निवडावेत आणि वार्षिक अद्ययावतीकरण तेवढे जूनअखेर करून टाकावे.

अर्ज उघडण्यापूर्वी आयईसीवर नोंदलेला मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे ते पाहावे. सुरुवातीला ज्या सल्लागाराने किंवा एजंटाने आयईसी काढून दिला, त्याचाच क्रमांक तिथे असण्याची शक्यता दाट असते. तो माणूस आता फोन उचलत नसेल तर ओटीपीपासूनच अडते. दुरुस्तीच्या याच अर्जात संपर्क स्वतःचा करून घ्यावा, संचालक बदलले असतील तर त्यांची नावे सुधारावीत आणि गोदाम, पॅकहाउस किंवा मिलचा पत्ता शाखा म्हणून नोंदवावा. शाखांचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि तो का महत्त्वाचा आहे हे ईपीसीजी योजनेतून, म्हणजे निर्यातीच्या अटीवर सीमाशुल्क न भरता, आणलेल्या मशिनचा प्रश्न आला की कळते.

मंजुरीनंतर नवी माहिती डीजीएफटीकडून कस्टमच्या यंत्रणेकडे आपोआप जाते. तरीही आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर आयईसीची स्थिती पाहून तिथे नवे नाव उमटल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच नव्या नावाचे पहिले शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडील निर्यातीचे घोषणापत्र, भरायला सीएचएला सांगावे. परताव्याच्या बँक खात्याचे नाव आणि कस्टमकडील नाव वेगळे राहिले, तर शिपिंग बिल निघून जाते, माल पोहोचतो, आणि आयजीएसटीचा परतावा किंवा ड्रॉबॅक, म्हणजे सीमाशुल्काचा परतावा, मात्र खाते पडताळणीत अडकून राहतो.

अपेडा, मसाले मंडळ, अन्न परवाना

फळे, भाजीपाला, तांदूळ, डाळ यांच्यासाठी अपेडाचे नोंदणी-सह-सदस्यत्व प्रमाणपत्र, म्हणजे आरसीएमसी, पाच वर्षांसाठी असते आणि त्याचे अर्ज आता डीजीएफटीच्याच संकेतस्थळावरून होतात. नाव, पत्ता किंवा मालकीचे स्वरूप बदलल्यास एका महिन्याच्या आत नोंदणी करणाऱ्या संस्थेला कळवणे बंधनकारक आहे. महिन्याची ही मुदत बदलाच्या तारखेपासून मोजली जात असल्यामुळे पॅन आणि आयईसीचे काम लांबले तर ती सहज टळून जाते. अशा वेळी निगमन प्रमाणपत्राची प्रत जोडून अपेडाला आधी ईमेलने कळवून ठेवावे आणि आयईसी सुधारला की रीतसर अर्ज करावा.

हळद-मिरची पाठवणाऱ्यांना मसाले मंडळाचे निर्यातदार नोंदणी प्रमाणपत्र लागते, त्यातही वेगळी दुरुस्ती करावी लागते. अपेडाकडे झाले म्हणजे इथेही झाले असे नसते. बिगर-बासमती तांदळाच्या निर्यात करारांची अपेडाकडे नोंदणी करणे सप्टेंबर २०२५ पासून आवश्यक झाले आहे, तेव्हा गोंदिया-भंडाऱ्याच्या निर्यातदारांनी जुन्या नावाने नोंदलेले करार शक्यतो नावबदलापूर्वीच पूर्ण करावेत.

अन्न परवाना जागेशी बांधलेला असतो. केवळ कंपनीचे नाव बदलले असेल तर फॉसकॉस या अन्न परवान्यांच्या संकेतस्थळावर परवान्यात दुरुस्ती होते, परंतु मिल किंवा प्रक्रिया केंद्र दुसऱ्या जागी गेले असेल तर त्या जागेसाठी नवा परवाना काढावा लागतो. संत्र्याच्या ग्रेडिंग-वॅक्सिंग केंद्राचे आणि पॅकहाउसच्या मान्यतेचेही असेच आहे, तिथे तपासणी जागेची होते. सेंद्रिय मालाचे प्रमाणपत्र असल्यास प्रमाणन संस्थेकडून त्यावरील नाव बदलून घ्यावे, नाहीतर ट्रेसनेट या अपेडाच्या मागोवा प्रणालीवर पुढचे व्यवहार प्रमाणपत्र निघणार नाही. अमेरिकेला डाळ किंवा हळद जात असेल तर तेथील अन्न व औषध प्रशासनाकडील केंद्राच्या नोंदणीत नाव-पत्त्याचा बदल ६० दिवसांच्या आत करावा लागतो. ही नोंदणी पुष्कळदा खरेदीदाराने किंवा त्याच्या एजंटाने करून दिलेली असते, म्हणून तिचे लॉगिन कोणाकडे आहे याची चौकशी आधी करावी. उद्यम नोंदणी, एमआयडीसीचा भाडेपट्टा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि वजनमापे विभागाची नोंद ही कामे निर्यातीला थेट अडवत नाहीत, पण त्यांचा पाठपुरावा सोडू नये.

ईपीसीजीवर आणलेले मशिन

दालमिलमध्ये डाळ निवडणारे सॉर्टेक्स मशिन ईपीसीजी योजनेखाली सीमाशुल्क न भरता आणलेले असेल, तर वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवायची जबाबदारी कंपनीवर असते. नाव बदलल्याने ती संपत नाही. आयईसी सुधारल्यावर नागपूरच्या डीजीएफटी कार्यालयाकडे त्या प्राधिकारपत्रात दुरुस्ती मागावी आणि कस्टमकडे जुन्या नावाने दिलेल्या बंधपत्राबाबत तिथेही लेखी कळवावे. मिल हलवायची असेल तर अधिक जपावे. मशिन आयईसी आणि आरसीएमसीवर नोंदलेल्या दुसऱ्या युनिटमध्येच नेता येते आणि हलवल्यापासून सहा महिन्यांत नव्या जागेवर ते बसवल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. म्हणजे नवी जागा आधी शाखा म्हणून नोंदवायची, मग मशिन उचलायचे. भाडे वाचवण्यासाठी एका रात्रीत शेड रिकामे करणाऱ्यांना हा क्रम मोडणे पुढे महागात पडते.

वाटेवरचा माल आणि परदेशी खरेदीदार

बदलाच्या काळात एक तारीख निश्चित करून तिच्याआधी निघालेला सर्व माल जुन्या नावाने आणि नंतरचा सर्व माल नव्या नावाने, असा ठाम विभाग करावा. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, फायटोसॅनिटरी म्हणजे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, उत्पत्ती प्रमाणपत्र आणि बिल ऑफ लेडिंग या सर्वांवर एका खेपेपुरते एकच नाव असले पाहिजे. डाळीचा कंटेनर चार दिवस थांबला तर भाडे चढते, संत्र्याची गाडी सीमेवर चार दिवस उभी राहिली तर मालच जातो. जुन्या नावाने योग्य रीतीने गेलेल्या शिपिंग बिलावर नंतर नवे नाव चढवण्याची आवश्यकता नसते. चूक दुरुस्त करायची असेल, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ खाली निर्यातीच्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदांच्या आधारेच ती होते, नंतर मिळालेल्या प्रमाणपत्राच्या आधारे नाही.

पैसे एलसीवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या पतपत्रावर, येणार असतील तर नाव आणि पत्ता यांतला फरक नीट समजून घ्यावा. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या १४व्या अनुच्छेदानुसार लाभार्थ्याचा, म्हणजे निर्यातदाराचा, पत्ता एलसीतील पत्त्याशी तंतोतंत जुळला नाही तरी चालतो, देश तोच असला म्हणजे झाले. नावाला ही मोकळीक नाही. तेव्हा पत्ता बदलला म्हणून एलसी अडत नाही, पण नाव बदलले असेल तर माल निघण्यापूर्वी खरेदीदाराकडून एलसीमध्ये लाभार्थ्याच्या नावाची दुरुस्ती करून घ्यावीच लागते.

खरेदीदाराला नावबदल कळवताना पत्रासोबत नव्या निगमन प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि बँक खाते क्रमांक बदललेला नाही हे स्पष्ट वाक्यात लिहावे. नाव बदलल्याचे सांगून पैसे वेगळ्या खात्यात वळवण्याचे प्रकार इतके होतात की शहाणा खरेदीदार अशा ईमेलवर विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये. ज्या क्रमांकावर नेहमी बोलणे होते, त्यावरूनच फोन करून सांगावे.

छापून ठेवलेले कार्टन, कट्टे आणि लेबले हा शेवटचा प्रश्न. जुन्या नावाचे कार्टन नव्या नावाच्या खेपेत मिसळू नयेत. फायटोवर एक निर्यातदार आणि पेटीवर दुसरा दिसला की तपासणारा अधिकारी माल कोणाचा म्हणून विचारणारच. पुढच्या हंगामाच्या छपाईची ऑर्डर, नवे निगमन प्रमाणपत्र येईपर्यंत देऊ नये. लेटरहेड, बिले आणि पाटी यांवर मात्र नव्या नावासोबत आधीचे नाव दोन वर्षे लिहिणे कंपनी कायद्याच्या कलम १२ ने आवश्यक केले आहे, म्हणून ‘पूर्वीचे नाव’ ही ओळ नव्या छपाईच्या मजकुरात आधीच घालून ठेवावी.